पेलेआ

रात्री साडेनवानंतर रेंज येते
ती फक्त न्हाणीच्या दगडावर.
तिथे उकिडवी बसून मी स्पॅनिश शिकते.
नागपुरातल्या एका कंपनीला
तिकडच्या लोकांची बिलं वाचणारी माणसं हवीत.

आजचा शब्द पेलेआ.
भांडण. स्त्रीलिंगी.
आपल्याकडे ते, तिकडे ती.
फोन म्हणाला, पुन्हा म्हणा. म्हटलं. पुन्हा.
चुलीपाशी मायचा हात भाकरीवर थांबला.
“काय पेलते वो श्रावस्ती?
काही जड उचलून राह्यली का?”

मग मी तिला सांगत बसले.
कोंबड्यांची झुंज लावतात, ती पेलेआ.
ठोसे मारायचा खेळ असतो, तीही; तिला तिकीट लागतं.
भावाबहिणीची रिमोटवरून होते, तिला नाही लागत.
देशादेशांच्या लढाईला वेगळा शब्द आहे, इस्त्री केलेला.
कोर्टातल्या तंट्याला आणखी तिसरा.
हा अंगणातला.
चपला बाहेर काढून घरात येणारा.

“आन् कोनाशी भांडलं, हे कसं सांगतेत?”
मधे ‘कोन’ लावायचं.
“तेच त इचारून राह्यली. कोन?”
अगं, कोन म्हणजेच ‘शी’. तुह्याशी. तिच्याशी.
माय हसली, पदरानं डोळे पुसले. धूर होता.
“आन् कोनासाठी भांडलं असन, त?”
त्याला ‘पोर’.

माय काही बोलली नाही.
तव्यावरची भाकरी एका अंगानं करपली.

चार वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा
पाटा आमच्याकडे आला,
वरवंटा भिंतीपलीकडे, पंचफुलाकाकीकडे.
गावाला वाटतं, भांडण त्या दोन दगडांचं.
मलाही तसंच वाटायचं.
त्या दुपारी काकी म्हणाली होती,
पोरीले होस्टेलात ठेवता, उद्या...
पुढचं मला ऐकूच आलं नाही,
कारण माय उठली होती, पदर खोचून.
नंतर सगळं दगडांवर गेलं.
दगडांवर बोलायला सोपं असतं.

एक रूप अजून आहे, मी म्हटलं.
एस्तान पेलेआदास.
दोघी भांडलेल्या आहेत.
म्हणजे आत्ता भांडत नाहीत.
भांडून झालंय, आणि त्या तिथेच उभ्या आहेत.

मायनं भाकरी टोपल्यात टाकली.
“चार सालं उभं राहाले पाय कोनाचे असतेत, बाप्पा,”
एवढंच म्हणाली.
आणि लाइट गेली.

मिक्सर अर्ध्या जवसावर घरघरत बंद पडला.
अंधारात पलीकडच्या कोंबड्या हलल्या,
काकीची खाट करकरली.
रॉकेलची चिमणी शोधायची सोडून
माय भिंतीपाशी गेली.
“पंचफुले!”
काहीच नाही.
“ओ पंचफुले! वरोटा दे न वो!”

इतका वेळ गेला
की फोन आपोआप काळा झाला.
मग पलीकडून, अगदी भिंतीला लागून,
“चार सालं काय दातानं वाटत होती, धुरपते?”
“तुह्यासारके दात नाहीत माह्ये!”
“पाटा पाठव न मंग इकडे!”
“माह्या वाट्याचा हाय थो!”
“मंग वरोटा माह्या वाट्याचा!”

मायचा आवाज वर चढत गेला,
लग्नाच्या गाण्यात चढतो तसा.
शेजारचा गुणवंत खाटेवर उठून बसला.
माझ्या नावाशी येऊन काकी एकदा अडली,
मग म्हणाली, “आन् ते पोट्टी कोनाशी बोलते रोज रातच्यानं,
न्हानीत बसून?”
“इस्पॅनिश शिकते! भांडाचं!”
“तुह्या घरात शिका लागते?”

मध्येच भिंतीवर काहीतरी ठेवल्याचा
जड, दगडी आवाज आला.
मायनं दोन्ही हात वर केले,
टाचा उचलल्या.
चांदणं इतकंच होतं
की चार हात दिसले, कोणते कोणाचे कळले नाहीत.

“सोडू का?” काकी म्हणाली.
“सोड.”
“पेलते ना वो?”